पाणी घेत नाही! कोपरमधल्या एका वॉशिंग मशीनचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी रूपात. बोलताना झालेले "म्हणजे काय की" काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.

या वेळी गडकोट बाजूला ठेवू आणि बाल्कनीत जाऊ. निमित्त घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यात आमचं टॉप लोड मशीन बंद पडलं. बटण दाबलं की गुरगुरायचं, थोडं पाणी घ्यायचं आणि काही मिनिटांनी पडद्यावर 'आयई' अशी अक्षरं. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या माणसानं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाला, "पीसीबी गेला. सात-साडेसात हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या." आई बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "अहो, ते पाणी घेत नाहीये. पाणी आणि पीसीबीचा काय संबंध?"

आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला.

कोपर आणि पाणी

मध्य रेल्वेनं जाणाऱ्यांना कोपर माहीत असतं ते डोंबिवली आणि दिवा यांच्या मधलं स्टेशन म्हणून. वरून वसई-दिवा मार्ग जातो, त्याचं 'अप्पर कोपर'. मूळ गाव आगरी वस्तीचं, पलीकडे उल्हासची खाडी. पाणी डोळ्यांसमोर भरपूर, पण खारं. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता चोथा होतो. त्यामुळे धुणं विहिरीवर, तळ्यावर आणि नंतर नळावर.

नळाचं पाणी येतं उल्हास नदीतून. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हासला मिळतं. पुढे जांभूळला ते एमआयडीसी उचलते, मोहिलीला कल्याण-डोंबिवली महापालिका उचलते. हा सगळा डोलारा तसा अलीकडचा. डोंबिवलीची एमआयडीसी १९६४ ची, महापालिका १९८३ ची. चाळी आणि इमारती मात्र त्याहून वेगानं वाढल्या. म्हणून आमच्या पिढीच्या आठवणीत नळ म्हणजे वेळापत्रक. पहाटे पाणी येणार, तेवढ्यात पिंप, बादल्या, हंडे भरायचे आणि त्यातच धुणं उरकायचं. मग सातच्या आत लोकल.

हे वेळापत्रक लक्षात ठेवा. मशीनचा पुढचा सगळा इतिहास त्यावर बेतलेला आहे.

मशीन आलं कुठून?

विजेवर चालणारी मशीन्स अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीनं पूर्ण स्वयंचलित मशीन दाखवलं, ते समोरून उघडणारं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे वरून उघडणारी स्वयंचलित मशीन्स घरोघर गेली. त्यांच्या मधोमध उंच दांडा असायचा, तो कपडे घुसळायचा.

आपल्याकडच्या टॉप लोडमध्ये तसा दांडा सहसा नसतो. तळाशी एक चपटी तबकडी असते, पल्सेटर. ती फिरली की पाण्याचा भोवरा होतो. ही पद्धत जपानी घरांतून आली. सान्यो कंपनीनं १९५३ मध्ये अशा भोवऱ्याचं स्वस्त मशीन काढलं. त्या दशकात जपानमध्ये टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांना 'तीन राजरत्नं' म्हणायचे. लहान घर, थंड पाणी, कमी पैसे या तिन्ही अटी आपल्यालाही लागू होत्या.

भारतात ही लाट ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आली, आणि तिची एक मोठी कथा महाराष्ट्रातली आहे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं टीव्हीपाठोपाठ वॉशिंग मशीन आणलं. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात चाळिशीपुढच्या कुणालाही आजही पाठ असेल. त्याच सुमारास व्हर्लपूल टीव्हीएसबरोबर पुदुच्चेरीत उतरली आणि आयएफबीनं जर्मन तंत्रज्ञान घेऊन गोव्यात फ्रंट लोड मशीन काढलं. पुढे रांजणगावात परदेशी कंपन्यांचे मोठे कारखाने झाले. आणि ज्या व्हिडिओकॉननं मराठी घरांत मशीन पोचवलं, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आमच्याकडे पहिलं मशीन आलं १९९६ मध्ये, हप्त्यांवर. सेमी ऑटोमॅटिक, दोन टबांचं. एकात धुवायचं, मग पिळे उचलून दुसऱ्यात टाकायचे.

सेमी का टिकलं?

बरेच जण म्हणतात, सेमी स्वस्त म्हणून खपलं. ते खरंच आहे, पण अर्धंच. सेमीला नळ लागत नाही! बादलीनं पाणी ओता, ते फिरतं. पाणी कधी आलं, किती जोरात आलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साबणाचं पाणी पुन्हा वापरता येतं, आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी.

दुसरं कारण वीज. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, आणि पुढची काही वर्षं मुंबईबाहेर लोडशेडिंगचा कहर होता. मुलुंडच्या अलीकडे दिवे, पलीकडे अंधार. सेमीचा टायमर घड्याळासारखा, चावीचा. वीज गेली तर कपडे बाहेर काढा, हातानं पिळा, मोकळे व्हा. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये मात्र पाण्यानं भरलेला टब आणि मुका पडदा.

त्याच वर्षी २६ जुलै. खाडीलगतच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. मोटर मशीनच्या तळाशी असते, त्यामुळे ती सगळ्यात आधी बुडते. तेव्हापासून आमच्याकडे मशीन उंच लोखंडी स्टँडवर ठेवायची पद्धत आहे. दुकानदार सांगतो की स्टँड उंदरांसाठी. तेही खरंच, उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात.

फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड आमच्या भागात खऱ्या अर्थानं रुळलं ते इमारतींवर गच्चीची टाकी आणि खाली पंप आल्यावर. म्हणजे सोसायटीनं नळाचं वेळापत्रक स्वतःच्या डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे मशीनला 'ऑटोमॅटिक' होता आलं.

तर मग आयई म्हणजे काय?

आता आईचा प्रश्न. आयई म्हणजे पाणी आत येण्यातली चूक. मशीनच्या मागे एक व्हॉल्व्ह असतो. बोर्डानं वीज दिली की तो उघडतो. टबाच्या बाजूनं एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनला पातळी कळते. ठरलेल्या वेळात पातळी आली नाही, की मशीन हात वर करतं. बोर्ड बिघडला म्हणून ही अक्षरं दिसतीलच असं नाही. उलट आमचा बोर्ड ठणठणीत होता म्हणून तर तो तक्रार करत होता.

पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे दाब साधारण १ बार. मशीनला किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीतल्या टाकीचं पाणी आमच्या नळापासून जेमतेम ३-४ मीटर उंच, म्हणजे ०.३-०.४ बार. तळमजल्यावरच्या काकूंना त्यापेक्षा कितीतरी जास्त. मी १० लिटरची बादली लावून घड्याळ धरलं. काकूंकडे ५० सेकंद, आमच्याकडे सव्वादोन मिनिटं.

पण मग इतकी वर्षं कसं चाललं? उत्तर जाळीत होतं. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे नखाएवढी प्लास्टिकची जाळी असते. मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला, पाइप सोडवला, पकडीनं जाळी अलगद ओढली. आत चिकणमाती! पावसाळ्यातलं गढूळ पाणी, टाकीच्या तळाचा गाळ, सगळं तिथे बसलेलं. जुन्या टूथब्रशनं घासली, परत लावली. मशीन सुरू. खर्च शून्य.

थोडक्यात बाकीचीही यादी देतो, कारण दर वेळी ईमेल येतात.

पाणी बाहेर जात नसेल, तर आधी सांडपाण्याचा पाइप दुमडलाय का, बाथरूमच्या जाळीत घट्ट कोंबलाय का ते बघा. मग ड्रेन व्हॉल्व्ह. त्यात नाणं किंवा बाळाचा मोजा सापडतो.

पिळताना मशीन नाचत असेल, तर कपडे एका बाजूला गोळा झालेत. एकटी चादर नेहमी हे करते. कपडे सारखे पसरा. तरी नाचलं तर चारही पाय जमिनीला टेकतायत का बघा. टब ज्या चार दांड्यांवर लटकतो त्यातली एखादी सैल झाली असेल, तर मेकॅनिकला बोलवा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर किंवा पट्टा. इथे मात्र स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर टबाच्या मागे पांढरा थर बसतो. त्याची पावडर मिळते. महिन्यातून एकदा रिकामं मशीन चालवा.

वेळ कुणाचा वाचला?

इथे भाग संपवणार होतो. शीर्षकही ठरलं होतं, 'मशीननं बाईचे दोन तास वाचवले'. आई फोर्टला नोकरी करायची. १९९२ मध्ये लेडीज स्पेशल गाड्या सुरू झाल्या, त्या काळातल्या हजारो बायकांपैकी ती एक. तिचे दोन तास खरोखर वाचले.

मग वाटलं, मावशींना विचारावं. १९९६ पर्यंत आमचं धुणं त्या करायच्या. आता थकल्यात, लेकीकडे असतात. मी माझा सिद्धांत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचा वेळ वाचला, ते बरंच झालं रे. पण आपलं ठरलेलं होतं धुणं-भांडी-लादी. मशीन आलं आणि धुणं गेलं. त्या एका वर्षात माझी चार घरांतली धुणी गेली. भांड्यांचे पैसे कुणी वाढवले नाहीत."

मला हे आठवत नव्हतं. मी तेव्हा नव्या मशीनच्या खोक्यात बसून खेळत होतो.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात असंच काहीसं मांडलंय. यंत्र आलं की आधी मदतीचे हात घरातून जातात आणि ते काम बटण दाबण्याच्या रूपात गृहिणीकडे परत येतं. वर स्वच्छतेची अपेक्षाही वाढते. आईला विचारलं तर म्हणाली, "पूर्वी चादरी पंधरा दिवसांनी, आता दर रविवारी." आपल्याकडे पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात झाला २००८ मध्ये. मावशींची धुणी गेली त्यानंतर बारा वर्षांनी.

आणि याची नोंद कुठे? २०११ च्या जनगणनेत घरोघरी रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, फोन, सायकल, स्कूटर, गाडी मोजली. वॉशिंग मशीन त्या यादीत नव्हतं. मग मशीनमुळे गेलेलं काम कोण मोजणार?

म्हणून शीर्षक बदललं. निघताना मावशींच्या लेकीनं मला मागच्या मोरीकडे नेलं. तिथे टॉप लोडच होतं. म्हणाली, "दादा, बघा ना जरा, पाणी हळू घेतंय." तिच्याही जाळीत माती होती.

तुमच्या घरी मशीन यायच्या आधी धुणं कोण करायचं? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. आणि हो, पाऊस संपला की जाळी एकदा बघाच.