मोटारीचा चुकलेला ठोका

वर्ध्याकडची जुनी माणसे 'ऑक्सफर्ड'ची गोष्ट सांगू लागली, की तिचा विलायतेतल्या विद्यापीठाशी काही संबंध नाही हे नवख्या माणसाला आधी समजावून द्यावे लागते. सेठ जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले गेले, आणि 'ऑक्स' म्हणजे बैल, म्हणून गाडी झाली 'ऑक्सफर्ड'! गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावी राहावयास गेले, तेव्हा त्या गावाला धड रस्ता नव्हता. (शेगावचे सेवाग्राम झाले ते पुढे, १९४० साली.) अशा वाटेवर बैलच खरे. इंजिनाचा बिघाड इतक्या मुळापासून दूर करणारा उपाय मोटारीच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल.

गेल्या पावसाळ्यात देवळी सोडल्यावर माझी मोटार 'मिसिंग मारू' लागली, तेव्हा मला त्या बैलांची फार आठवण झाली. चार सिलिंडरांपैकी एकाने जाळ धरण्याचे नाकारले, की उरलेले तीन त्याचे ओझे ओढतात आणि गाडी लंगड्या घोड्यासारखी हिसके देते.

हा रोग मोटारीइतकाच जुना आहे. त्यावरचा इलाज मात्र पालटत गेला. केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनियरने बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जी जोडणी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत बसवली, ती पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली. आपल्या जीपा आणि अँबॅसडर तिच्यावरच धावल्या. तिचे मोठे सुख असे, की ती डोळ्यांना दिसे. मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढी. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी! मग पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फट नजरेने जमवायची, फार तर कंडेन्सर बदलायचा. झाडाखाली, अर्ध्या तासात काम होई. बजाजांच्या स्कूटरची तऱ्हा तर त्याहून सोपी. ती रुसली की एका अंगावर कलती करून किक मारणे हा उपचार घराघरांत ठाऊक होता.

ही विद्या एका बंद पेटीत गेली, तिचे नाव ईसीयू. १९६७ साली बॉश कंपनीने फोक्सवॅगन गाडीला विजेच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा दिली, आणि १९७९ मध्ये पेट्रोल व ठिणगी दोन्ही एकाच पेटीच्या ताब्यात दिली. आपल्याकडे हे घडले ते धुरामुळे. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि मारुती ८०० चा कार्ब्युरेटर जाऊ लागला. २०१३ नंतरच्या गाड्या तर आपला चुकलेला ठोका स्वतःच मोजून समोर पिवळा दिवा लावू लागल्या. २०२० पासून बहुतेक मोटारसायकलींतही ही पेटी आली. हवा सुधारावी म्हणून हे करणे भागच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वर्ध्याच्या आमच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला. दुसरा सिलिंडर मिस होतो, असे त्याने सांगितले. माणूस जुन्या वळणाचा, म्हणून तेवढ्यावर विसंबला नाही. दुसऱ्याची कॉइल त्याने तिसऱ्याला लावली. दोष कॉइलबरोबर तिसऱ्याकडे गेला असता तर कॉइल वाईट. तो गेला नाही. प्लग बदलला, इंजेक्टरची अदलाबदल केली, वायरी तपासल्या, अर्थिंग घासले. शेवटी दिसले, की दुसऱ्या कॉइलला ठिणगीचा हुकूमच पेटीतून येत नाही. वायरी तपासण्याआधी पेटी बदलणारे लोक पुष्कळ पैसा वाया घालवतात. इथे मात्र पेटीच मेली होती.

भंगारातून त्याच नंबरची पेटी मिळाली. पण गाडीची किल्ली ती ओळखेना! चोरीविरुद्धची सोय मालकाच्याच आड आली. नवी पेटी आणि तिला किल्ली शिकवणारा संगणक, दोन्ही कंपनीच्या कारखान्यातच. हा सवाल केवळ माझ्या गाडीचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला, तो सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत म्हणूनच. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली.

या वादाची एक जुनी बाजू आपण विसरलो आहोत. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी अशा: किंमत दीडशे रुपयांहून अधिक नको, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. सूत किती निघेल याच्या बरोबरीने दुरुस्तीला किती लागेल, हेही यंत्र जन्मण्याआधीच विचारणारी दुसरी स्पर्धा मला माहीत नाही. माझ्या मोटारीला ती पाच टक्क्यांची अट लावली असती, तर एवढ्या एका पेटीने ती मोडली असती.

गाडी चार दिवसांनी परत आली, चारही ठोके नीट. जुनी पेटी मिस्त्रीने मागून घेतली. आठ दिवसांनी गेलो, तर तिचे झाकण कापलेले. आत नखाएवढा एक ट्रान्झिस्टर जळून काळा पडलेला. त्याच्या शेजारी तसेच तीन शाबूत होते. तो भिंग लावून त्यांचा नंबर वाचत होता.