स्विचमधला शब्द

संगणकभाषांचा इतिहास वाचताना आम्हांला एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे. माणसाला आकड्यापेक्षा शब्द जवळचा. पण अनेक वाटांतून एक निवडणारी 'स्विच' ही रचना दीर्घकाळ आकड्यांचीच मिंधी राहिली. बीसीपीएलमधील 'स्विचऑन'चा वारसा १९७०च्या दशकात डेनिस रिची यांच्या 'सी'कडे आला. तेथे 'केस'पुढे पूर्णांकच लिहावा लागे. कारण उघड होते. पूर्णांकांची तुलना यंत्र एका झटक्यात करते, शब्दाची अक्षरागणिक करावी लागते.

१९७९च्या बॉर्न शेलमधील 'केस' शब्द ओळखत असे. २००२ साली सी-शार्पनेही स्ट्रिंगला दार उघडले. जावा मात्र 'सी'च्या वळणावर गेली आणि तिचे प्रोग्रॅमर 'इफ-एल्स'च्या लांबलचक माळा ओवीत बसले. अखेर जुलै २०११ मध्ये, जावा ७ बरोबर, स्विचमध्ये शब्द आला.

पण आला तो कसा? कम्पायलर प्रत्येक शब्दाचा हॅशकोड, म्हणजे सूत्राने काढलेला एक पूर्णांक, आधीच कोरून ठेवतो. निवड त्या आकड्यावर होते. मग मूळ शब्द ताडून पाहिला जातो. ताडणे अटळच, कारण रोमन लिपीतील मोठा ए व छोटा ए ही जोडी आणि दोन मोठे बी, दोहोंचा हॅशकोड २११२ हाच येतो. वरून शब्द, आत आकडाच! शिवाय आकडे असे कोरले गेल्यामुळे ते सूत्रही आता बदलता येत नाही. बदलले तर जुने प्रोग्रॅम वाट चुकतील.

मराठी वाचकाला यात एक निराळी मेख आहे. 'कऱ्हाड' या नावातील ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता मिळूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. स्विचला मात्र ती दोन भिन्न गावे. एक रूप 'केस'मध्ये आणि दुसरे वापरणाऱ्याच्या हातून आले, तर कऱ्हाडकर थेट 'डीफॉल्ट'च्या रांगेत जाऊन उभा राहतो. उपाय आहे: तुलनेपूर्वी दोन्ही शब्द एकाच प्रमाणरूपात आणावेत. जावात त्याची सोय २००६ पासून आहे; पण ती आपण होऊन घडत नाही.

शब्दाला प्रवेश मिळाला, हे खरे. त्याची ओळख पटविण्याचे काम मात्र अजून आपल्याकडेच आहे.