दिवाणखान्यातलं प्रवाळ

घरात प्रवाळ पाळणं हा अगदी अलीकडचा, एलईडी दिव्यांच्या आणि गडगंज पैशाच्या जमान्यातला छंद, असं कुणालाही वाटेल. पण घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची गोष्ट प्रवाळापासूनच सुरू होते. मासे मागून आले.

1846 च्या शरदात ॲना थिन ही लंडनची बाई डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्कीला गेली होती. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीतला वरिष्ठ धर्माधिकारी. बाईंना भूगर्भशास्त्राचा नाद होता. तिथल्या खडकांवरची जिवंत प्रवाळं पाहून त्या इतक्या हरखल्या, की ती घरीच न्यायची असं त्यांनी ठरवलं. दगडी बरणी, त्यात समुद्राचं पाणी, पाण्यात मोठा स्पंज आणि त्याला सुई-दोऱ्यानं टाचलेली प्रवाळं, असा सगळा लवाजमा लंडनला पोचला. समुद्राशेजारी राहून जलचर पाळणं याआधीही झालं होतं. सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रो-पॉवर यांनी 1832 मध्येच काचेच्या टाक्या करून घेतल्या होत्या, पण त्यांना ताजं पाणी हाताशी होतं. लंडनमध्ये पाणी मोजकंच, आणि ते लवकर शिळं होई. मग घरातली एक पोरगेली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. तिला ही गंमतच वाटे, असं बाईसाहेबांनी नंतर लिहिलं. पोरीचं म्हणणं विचारायला कुणी गेलं नाही.

1847 मध्ये त्या पाण्यात समुद्री शेवाळ आलं, शेवाळानं प्राणवायू पुरवला आणि प्रवाळं जगली. मात्र त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. इंग्लंडच्या थंड पाण्यातलं हे वाटीसारखं एकांडं प्रवाळ शिकारीवर जगतं. त्याच्या अंगात शैवाल राहत नाही, त्यामुळे त्याला उन्हाची गरज नसते. उष्ण कटिबंधातली, बेटं उभारणारी प्रवाळं याच्या अगदी उलट. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करतं, उन्हावर साखर बनवतं आणि घरमालकाला पोसतं. ॲनाबाईंच्या हाती यातलं एखादं लागलं असतं, तर लंडनच्या धुरकट उजेडात ते फार काळ तगलं नसतं.

पुढे या छंदाची लाटच आली. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक निघालं. घरोघरी काचपेट्या आल्या, त्यांच्यात हौशी लोकांनी नको तितके जीव कोंबले, पाणी नासलं, आणि पेट्या माळ्यावर गेल्या. त्या काळातला एक विचार मात्र आजवर टिकला आहे. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हे मत्स्यालयाचं सामान विकता विकता मोठाली मत्स्यालयं उभारू लागले. दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवायचा आणि पाणी पंपानं सतत फिरवत राहायचं, ही त्यांची रीत होती. 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी हेच केलं. आज घरातल्या मोठ्या टाकीच्या खाली किंवा मागच्या खोलीत जी ‘संप’ टाकी असते, ती याच हौदाची वंशज.

पुढची कितीतरी दशकं घरातल्या खाऱ्या टाकीत प्रवाळ असे ते मेलेलं, ब्लीच करून पांढरंशुभ्र केलेलं. माशांमागची शोभा म्हणून.

कोंडी फुटली ती जकार्तात. लंडनच्या कुणा प्रोफेसराच्या हातून नव्हे, तर ली चिन एंग या हौशी माणसाच्या हातून. 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड, ऊन, आणि हवेचे थोडे बुडबुडे. गाळणयंत्राच्या जागी हे दगडच. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि आत जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. ज्यांच्या दारात ऊन आणि समुद्र दोन्ही होते, त्यांना हे जमलं. युरोप-अमेरिकेतल्या बाकीच्यांनी यंत्रं बांधली. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनं अमेरिकेत प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपवणाऱ्या गाळणीचं वेड पसरवलं. पण ती गाळणी नायट्रेटपाशीच थांबते, पुढचं काम तिला येत नाही.

बर्लिनच्या हौशी मंडळींनी दोन्हींचा मेळ घातला. जिवंत दगड, प्रखर मेटल हॅलाइड दिवे, आणि फेस काढणारं यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, त्यामागची युक्तीच इथे नळकांड्यात बसवलेली असते. सेंद्रिय घाण बुडबुड्याला चिकटते, वर येते आणि कपात पडते. राहिला सांगाडा. तो घडवायला कॅल्शियम आणि कार्बोनेट लागतं, आणि वाढतं प्रवाळ ते पाण्यातून उपसत राहतं. यावरचा पीटर विल्केन्स या युरोपीय तज्ज्ञाचा उपाय वाचून आपल्याकडच्या कुठल्याही पानवाल्याला हसू येईल. चुन्याची निवळी! बाष्पीभवनानं उडालेल्या पाण्याच्या जागी थेंब थेंब निवळी सोडायची. कॅल्शियम लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर टिकलं, की फांद्या वाढतात.

एवढं कळल्यावर टाक्या फुगल्या. मोठ्या पाण्यात चूक सावकाश पसरते, म्हणून तज्ज्ञही मोठीच टाकी सुचवतात. मग प्रश्न जीवशास्त्राचा उरत नाही, बांधकामाचा होतो. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे 200 किलोचा भार गृहीत धरतात. 80 सेंटिमीटर खोल पाणीच तेवढ्या जागेवर 800 किलोंहून जास्त भरतं, काच आणि दगड वेगळे. म्हणून हौसेनं घर बांधणारे टाकी जमिनीच्या मजल्यावर, स्वतंत्र पायावर घेतात, मागे यंत्रांची खोली ठेवतात आणि ओल बाहेर फेकणारा पंखा बसवतात. काच किती जाड हवी हे मुख्यतः पाण्याच्या उंचीवर ठरतं. निव्वळ लांबी वाढली म्हणून तळाचा दाब वाढत नाही. वीज गेली, की सर्वांत आधी प्राणवायू संपतो, म्हणून बॅटरीवरचा पंप दिव्यांपेक्षा महत्त्वाचा.

पैसा आणि स्लॅब दोन्ही असले तरी मुंबई-पुण्यात हे करता येत नाही. खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जाऊन बसली. बघायचीच असतील तर मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी निवळ असेल त्या दिवसांत तोंडाला मुखवटा लावून बुडी मारली, की ती दिसतात.