खायचं झाकण: चिकन पायची गोष्ट आणि आमच्या गटाची भट्टी

दुपारची भांडी झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही गटाच्या वतीने एका परदेशी पदार्थाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव चिकन पॉट पाय. बैठकीत हे नाव घेतलं तेव्हा आमच्यातल्या आजींनी विचारलं, "कोंबडीचे पाय का? त्याला काय मेलं शिजवायचं?" तर हा पाय म्हणजे तंगडी नाही. कोंबडीचं घट्टसर कालवण भांड्यात घालायचं, त्यावर पोळीसारखं पिठाचं झाकण लावायचं आणि ते सगळं भट्टीत भाजायचं, त्याला इंग्रजीत पाय म्हणतात. झाकणासकट खायचं.

हा विषय निघाला त्याला कारण आहे. आमच्या गटात कर्ज काढून भट्टी घ्यावी का, यावर तीन महिने वाद चालू आहे. त्या वादात या पदार्थाचा इतिहास कसा शिरला ते पुढे कळेल.

आधी झाकणाचं सांगतो. युरोपात जुन्या काळी हे पिठाचं आवरण खाण्यासाठी नसायचंच. जाड, कडक कणकेची पेटी करायची आणि त्यात मांस भरून भाजायचं. पीठ म्हणजे भांडंच. आतलं मालक खायचे, वरचं कडक कवच नोकराचाकरांना किंवा दारातल्या गरिबांना. पुढे पिठात लोणी पडायला लागलं, कवच खुसखुशीत झालं आणि मालकांनाच आवडू लागलं. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "म्हणजे चांगलं झालं की गरिबाच्या ताटातून गेलं."

आपल्याकडे झाकणाला कणीक लावायची पद्धत आहेच. बिर्याणीचं पातेलं कणकेने लिंपतात, पण ती कणीक काढून टाकतात. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालायची, तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरी कोलंबीचं भानोलं होतं, ते पूर्वी भांड्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायचे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तर पायची सख्खी भावंडंच आहेत: लग्नात आणि नाताळात एम्पादिन्या नावाचे मांस भरलेले छोटे पाय होतात, आणि कोलंबी भरलेला आपा होतो. म्हणजे बंद भांड्यात वरून-खालून आच देण्याची अक्कल आपल्याकडे कमी नव्हती.

मग नगरच्या चुलीवर पाय का नव्हता? आमच्या मते त्याचं उत्तर पिठात आहे. हा जिल्हा ज्वारी-बाजरीचा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून तर भाकरी थापावी लागते, पोळीसारखी ती सहज लाटता येत नाही. पातळ लाटून भांड्यावर ताणून बसवायचं झाकण ज्वारीचं होणार नाही, ते तडकणार. गव्हाची पोळी सणासुदीला. १९७२च्या दुष्काळात आमच्या आया-सासवांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. लोणी घातलेल्या मैद्याचं झाकण त्या काळात कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

हा पदार्थ ज्यांच्या घरचा, ती माणसं मात्र नगरला फार लवकर आली. १८०३ साली जनरल वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तेव्हा इंग्रजी फौज इथे आली आणि मागोमाग कॅम्प, पाव, बिस्किटं आली. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं. हे लोक अमेरिकेच्या ईशान्य भागातले, जिथे सणाच्या जेवणाला चिकन पाय असतो. १७९६ साली अमीलिया सिमन्स नावाच्या बाईंनी तिकडे पाककृतींचं पुस्तक छापलं, अमेरिकन बाईने लिहिलेलं हे तिथलं पहिलं. त्यातल्या चिकन पायला सहा कोंबड्या, दीड पौंड लोणी आणि दीड तास भट्टी लागते. आमच्या खजिनदारांनी लोण्याचा हिशेब केला आणि वही मिटली.

त्याच मुलखातून सिंथिया फरारबाई आल्या. न्यू हॅम्पशायरच्या. लग्न न केलेल्या ज्या बायांना अमेरिकेतून परदेशात मिशनच्या कामाला पाठवलं, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी त्या एक. १८२७ला त्या मुंबईत उतरल्या, १८३९ला नगरला आल्या आणि १८६२ला इथेच वारल्या. नगरमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडेही घेतले. आपल्या जिल्ह्याच्या मुलींना हे पाठ असायला हवं, पण निबंधस्पर्धेत बहुतेकींच्या वहीत फरारबाईंचं नाव नसतं.

शिक्षण शिरलं, पण स्वयंपाकघराचं दार बंद राहिलं. का, ते पुढच्या दोन गोष्टींवरून कळेल.

पहिली पुण्यातली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी गेली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. ती घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात नावांसकट छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी आणि बिस्किटासाठी!

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. लक्ष्मीबाई टिळक. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ला ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या, मग त्याच्याबरोबर नगरला राहायला आल्या, पण सोवळं सुटेना. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाचं शिवलेलं खायचं, हा झगडा त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतक्या मोकळेपणाने लिहिला आहे की वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही. त्यांनी ते बंधन सोडलं ते कुणाच्या व्याख्यानाने नाही, स्वतः विचार करून सोडलं. आमच्या गटात हे पुस्तक मोठ्याने वाचलं गेलं आहे, आणि त्या पानांवर कुणी बोललं नाही. कारण ती गोष्ट फक्त जुनी नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका कार्यक्रमाच्या जेवणाची ऑर्डर आली. पिठलं, भाकरी, ठेचा, शंभर माणसांचं. बाजार भरला, दळण आणलं. आदल्या संध्याकाळी फोन आला की भाकरी दुसरीकडून घेतोय, तुमच्याकडून फक्त पापड, शेवया आणि मसाला पाठवा. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही. आमच्या गटात वेगवेगळ्या समाजाच्या बाया आहेत, भाकरी थापायला कोण बसणार होत्या हे गावाला ठाऊक होतं, बाकी सगळं आम्हाला कळलं. कोरडं चालतं, पाणी लागलेलं चालत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते शोधायची गरज नाही, तो फोनवर ऐकू येतो. पीठ आम्ही आपसात वाटून घेतलं.

आता गंमत पाहा. ज्या घरातून तो फोन आला, त्याच घरात रोज सकाळी बेकरीचा पाव आणि खारी येते. कुणी मळली, कुणी भाजली, कधी कुणी विचारलेलं नाही. १८९० साली बिस्किटाने माणूस बाटत होता, आणि आज बिस्किटालाच कुणी काही विचारत नाही. कॅम्पातल्या बेकरीत काचेच्या कपाटात चिकन पॅटीस असतात, ते सगळे खातात. पॅटीस या शब्दाचं मूळही पायच आहे: इंग्रजीत पॅटी म्हणजे मुळात छोटा पाय.

म्हणून एकीने सुचवलं की भट्टी घेऊ. पॅटीस करू, छोटे चिकन पाय करू. पाकिटात बंद, वर गटाचं नाव, भाजलेला माल. भाकरी परत येते, पॅटीस येणार नाही. हिशेबाने ते खरं आहे. पण दुसरी तिथल्या तिथे म्हणाली, "म्हणजे आपले हात दिसू नयेत म्हणून भट्टी घ्यायची का?" त्यावर बैठक तासभर लांबली. आम्हाला दोघींचंही पटतं, हे इथे स्पष्ट सांगतो.

कोंबडीचा प्रश्न वेगळा. पूर्वी घरच्या कोंबड्या बाईच्या असायच्या. दाणे तिने टाकायचे, खुराडं तिने झाकायचं, अंडी विकून आलेला पैसा तिचा. पाटलाच्या घरातसुद्धा त्या पैशाला नवरा हात लावत नसे, निदान सांगून तरी लावत नसे. सत्तरच्या दशकापासून ब्रॉयलरचा धंदा वाढला आणि कोंबडी शेडमध्ये गेली. सहा आठवड्यांत पक्षी तयार, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, करार बहुतेक पुरुषाच्या नावावर. साफसफाई मात्र बाईकडे. आमच्या पायसाठी लागणारी कोंबडी गटातल्या बायांच्याच परसातून घ्यायची, असा ठराव झाला आहे. गावरान महाग पडते आणि शिजायलाही वेळ घेते, तरीही.

अमेरिकेत या पदार्थाचं काय झालं तेही ऐका. १९५१ साली स्वान्सन कंपनीने गोठवलेला चिकन पॉट पाय बाजारात आणला, बाईने फक्त भट्टीत सरकवायचा. पण पेनसिल्वेनियात आणखी एक पॉट पाय आहे, तो आम्हाला सगळ्यात जवळचा वाटला. तिथे स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरी कोंबडीच्या उकळत्या रश्शात लाटलेल्या कणकेचे चौकोनी तुकडे सोडतात. भट्टी नाही, झाकण नाही. मैत्रिणींनो, ही तर आपली चकोली! वरणफळातल्या वरणाच्या जागी कोंबडीचा रस्सा. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ त्याच पेनसिल्वेनियात डॉक्टरकी शिकल्या. त्या मांस खात नव्हत्या, नाहीतर ताटात घरची आठवण दिसली असती.

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी आधी हीच करून बघा. अर्धा किलो कोंबडी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवा, हाडं काढा. रश्शात कांदा, बटाटा, मिरपूड घाला. कणीक पोळीपेक्षा जरा घट्ट मळा, लाटून शंकरपाळ्यासारखे मोठे तुकडे कापा, उकळीत एकेक सोडा, दहा-बारा मिनिटं. कोंबडी परत घाला, वर कोथिंबीर.

झाकणाचा पाय करायचा तर शिजवलेल्या कोंबडीचे तुकडे, गाजर, वाटाणा, कांदा, बटाटा घ्या. दोन चमचे तुपावर दोन चमचे मैदा परता, करपू देऊ नका, मग त्यात अर्धा कप रस्सा आणि अर्धा कप दूध थोडं थोडं घालून घोटा. सगळं एकत्र करून जाड बुडाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असलं तर वरच्या कणकेतलं तूप वितळतं आणि झाकण खाली बसतं. झाकणाला एक वाटी कणीक, तीन चमचे गार घट्ट तूप, मीठ. तूप पिठात बोटांनी चोळायचं, मग थंड पाण्याने जेमतेम गोळा करायचा. लाटून डब्यावर बसवा, कडा दाबा, करंजीसारखी मुरड घातली तर छानच. मधे सुरीने दोन चिरा द्या, वाफ जायला. मोठ्या पातेल्यात वाळू किंवा जाडं मीठ दहा मिनिटं तापवा, त्यावर स्टँड, स्टँडवर डबा, पातेल्यावर झाकण. मंद आचेवर साधारण पाऊण तास. वरचा रंग येत नसेल तर चुलीवाल्यांनी झाकणावर निखारे ठेवावेत, गॅसवाल्यांनी लोखंडी तवा चांगला लाल तापवून पातेल्याच्या झाकणावर ठेवावा आणि गार झाला की बदलावा.

आम्ही हा पाय बैठकीत केला. डब्याभोवती बसून सगळ्यांनी एकाच ताटातून खाल्ला, आजींनी झाकणाचा मुरडीचा तुकडा आधी उचलला. भट्टीच्या कर्जाचा अर्ज भरून ठेवला आहे, त्यावर अजून सात सह्या व्हायच्या आहेत. पाकिटावर गटाच्या नावाखाली बनवणाऱ्या बायांची नावं छापायची की नाही, हा मुद्दा पुढच्या बैठकीत आहे.