प्रथमोपचाराची हद्द

शाळेच्या आवारात मांजराचे जखमी पिल्लू सापडले की मुले धावत बाईंकडे येतात. ‘याला कुठले औषध द्यायचे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रथमोपचार कुठे संपतो आणि वैद्यकी कुठे सुरू होते, यावर शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला होता. तो आपण पाहू.

१९१७ साली, महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन यांनी लंडनमधील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात दवाखाना उघडला. पशुवैद्याची फी न परवडणाऱ्यांच्या जनावरांवर तेथे फुकट उपचार होत. गर्दी वाढत गेली. पुढे घोडागाडीतला फिरता दवाखानाही निघाला.

पशुवैद्यांना हे पटेना. १८८१ च्या कायद्याने ‘पशुवैद्य’ हे बिरुद पदवीधरांसाठी राखले होते. पण उपचार करायला कुणालाच मनाई नव्हती. डिकिनबाईंकडे पदवी नसलेली माणसेही उपचार करत. एकीकडे तळमळणारे जनावर आणि मालकाचा रिकामा खिसा, दुसरीकडे अपुऱ्या ज्ञानाचा धोका. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

१९४८ च्या कायद्याने पदवी नसलेल्यांच्या उपचारांवर बंधने आली. १९६६ च्या कायद्यात मात्र स्पष्ट मुभा आहे: आणीबाणीत जीव वाचवण्यासाठी किंवा वेदना कमी करण्यासाठी प्रथमोपचार कुणीही करू शकतो. भारतातही १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकी नोंदणीकृत पशुवैद्यांकडे सोपवली. लसीकरण, मलमपट्टी अशी प्राथमिक कामे राज्याच्या परवानगीने व पशुवैद्याच्या देखरेखीखाली पदविकाधारकांना करता येतात.

ही हद्द कशासाठी, ते पॅरासिटामॉलच्या उदाहरणाने कळते. आपल्या यकृतात या औषधाचा मोठा भाग ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. मांजरात ही जोडणी करणारे विकर जवळजवळ काम करत नाही. मग विषारी पदार्थ साचतात आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. आपली एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते. आणि ती देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो!

तेव्हा मुलांच्या प्रश्नाला उत्तर असे: औषध कुठलेच नाही. घाबरलेले जनावर चावते, म्हणून मुलांनी हात लावू नये. मोठ्यांनी त्याला जाड कापडात धरावे, वाहणारी जखम स्वच्छ फडक्याने दाबावी, ऊब द्यावी आणि खोक्यातून दवाखान्यात न्यावे. कुणाला चावलेच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा.