चित्रातला माणूस : मॉडेलच्या चौथऱ्यापासून खाणीच्या तोंडापर्यंत

मराठी समीक्षेत ‘चित्रदर्शी’ हे विशेषण आपण किती सढळ हाताने वापरत आलो आहोत! कादंबरीतले वर्णन चित्रदर्शी, कवितेतली प्रतिमा चित्रदर्शी, व्यक्तिरेखा तर हमखास चित्रदर्शी. हे विशेषण ज्या चित्रांच्या भरवशावर उभे आहे, ती चित्रे आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत, हा प्रश्न मात्र साहित्याच्या वर्गात सहसा विचारला जात नाही. आम्हीही तो बराच काळ विचारला नव्हता. माणसाचे चित्र म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर दिवाळी अंकांवरच्या दलालांच्या देखण्या स्त्रिया येत, फार तर धुरंधरांचे पौराणिक प्रसंग. आणि ‘मॉडर्न आर्ट’ म्हणजे ज्यात माणूस ओळखू येत नाही असे काहीतरी, अशी आमची सोयीस्कर वाटणी होती. या दोन टोकांच्या मधे, मुंबईत आणि मुंबईच्या आसपास, माणसाच्या आकृतीविषयी एक दीर्घ वाद चित्रांमधूनच चाललेला आहे. माणूस कसा काढावा, हा त्या वादाचा वरवरचा विषय. खरा विषय असा की कोणी कोणाकडे पाहावे, आणि पाहणाऱ्याला तो अधिकार कुठून मिळतो. दलित साहित्याच्या संदर्भात आपण हाच प्रश्न अर्धशतकभर चर्चिला आहे. चित्रांच्या बाबतीत तो आपण चित्रकारांवरच सोडून दिला.

सुरुवात अर्थातच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून करावी लागते. ही शाळा 1857 साली सुरू झाली आणि बरीच वर्षे तिथे कारागिरीच्या शिक्षणावर भर होता. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या हाती 1919 नंतर कारभार आला, तेव्हा जिवंत मॉडेल समोर बसवून मानवाकृती काढण्याचा अभ्यास तिथे पक्का रुजला. चौथऱ्यावर मॉडेल, भोवती अर्धवर्तुळात विद्यार्थी, खिडकीतून येणारा एकाच दिशेचा उजेड. या वर्गातून रेखाटनावर विलक्षण हुकमत असलेल्या पिढ्या बाहेर पडल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण चौथऱ्यावरच्या त्या शरीराला नाव नव्हते, धंदा नव्हता, जात नव्हती. ते स्नायूंचे आणि छायाप्रकाशाचे निमित्त होते. मॉडेल म्हणून बसणारी बाई तिथे कोठून आली, घरी जाऊन काय सांगते, हा प्रश्न रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने 2018 साली विचारला. चित्राने तो आधीच विचारायला हवा होता असे आम्हाला वाटते. मराठीत या विषयावर जे मोजके लिहिले गेले, त्यात सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’चा नग्नतेवर काढलेला विशेषांक आवर्जून सांगण्यासारखा आहे.

चौथऱ्यावरचे ते निर्विकार शरीर मोडले ते 1947 साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या आणि त्यांच्या आसपासच्या चित्रकारांनी. त्यातला सूझा गोव्याचा, साळगावचा. स्वातंत्र्यचळवळीतल्या सहभागामुळे जे. जे.मधून काढून टाकलेला. त्याच्या माणसांचे डोळे कपाळावर चढलेले, दात विचकलेले, मानेत बाण रुतलेले. अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’वर 1954 साली मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरचा तसलाच खटला त्याआधी याच शहरात चालून गेला होता आणि तेही निर्दोष सुटले होते. दोन्ही खटले शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे आमच्या अभ्यासक्रमांना कधी सुचले नाही. हा इतिहास संपला असेही नाही. सूझा आणि पदमसी यांच्या सात कलाकृती कस्टम्स खात्याने अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या. तो आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 च्या ऑक्टोबरात रद्द केला.

तय्यब मेहता (1925–2009) यांचे प्रकरण वेगळे. फाळणीच्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घरातून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून मारले जाताना पाहिले. ते दृश्य त्यांना आयुष्यभर पुरले. कोसळणारी आकृती, पाय बांधलेला बैल, चित्राला तिरके चिरणारी रेषा, महिषासुर ही सगळी त्या एका पाहण्याची रूपे आहेत. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये असलेला ‘कूडल’ हा लघुपटही त्यांनी 1970 साली केला. त्यांच्या चित्रांत अवयव कापल्यासारखे अलग होतात आणि तरीही रंग सपाट, शांत, जवळजवळ उदासीन राहतो. ही शांतता आम्हाला आजही अस्वस्थ करते. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे : मेहतांचा कोसळणारा माणूस हा ‘माणूस’ आहे, अमुक एक माणूस नव्हे. खिडकीतून पाहिलेला तो तरुण चित्रात येईपर्यंत मानवजातीचे प्रतीक झालेला असतो. मर्ढेकरांच्या कवितेतल्या माणसासारखाच तोही शहराने चिरडलेला आहे, पण त्याचा पत्ता कोणाला विचारता येत नाही.

पत्ता असलेला माणूस चित्रात आला तो सत्तरच्या दशकात. भूपेन खक्खर मूळ मुंबईचे, शिक्षणाने सनदी लेखापाल, राहायला बडोद्याला. त्यांनी 1972 मध्ये ‘जनता वॉच रिपेअरिंग’ रंगवले, आणि घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी दुकानातली माणसे थेट कॅनव्हासवर येऊन बसली. पुढे स्वतःच्या समलिंगी इच्छेविषयी चित्रातून उघड बोलणारे ते आपल्याकडच्या पहिल्या चित्रकारांपैकी ठरले. 1981 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झाले. खक्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार, आणि गीता कपूर यांचा निबंध. माणसासाठी जागा हे शीर्षकच तेव्हाच्या अमूर्त चित्रकलेच्या दबदब्याला दिलेले उत्तर होते. या सहांपैकी पटवर्धनांपाशी थोडे थांबणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण पाहण्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला.

पटवर्धनांचा जन्म 1949 साली पुण्यात झाला. तिथल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ते मुंबईला आले आणि 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय करत राहिले. क्ष-किरणांचा तज्ज्ञ चित्रकार म्हटला की ‘माणसाच्या आरपार पाहणारी नजर’ असे लिहिण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. तो टाळलेला बरा, कारण चित्रे नेमके उलटे सांगतात. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतली शरीरे भरीव, जड, अपारदर्शक आहेत. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) किंवा ‘ट्रेन’ (1980) पाहावे. माणूस चौकट जवळजवळ भरून टाकतो. खांद्याचे ओझे, मनगटाची जाडी, बाकावर बसलेल्या देहाचे वजन आपल्याला जाणवते. सेझानकडून घेतलेला घनतेचा धडा त्यांनी लोकलच्या डब्यातल्या प्रवाशाला लावला. हे तंत्राचे वर्णन झाले. पण त्यामागे मार्क्सवादाने दिलेला एक विश्वास होता की श्रमणाऱ्या माणसाच्या शरीरातच इतिहास साठलेला असतो आणि चित्रकाराने ते शरीर नीट पाहिले तर तो दिसतो.

नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ 1966 सालचे, ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 सालचा. या दोन्ही पुस्तकांतला कामगार आणि रस्त्यावरचा माणूस स्वतःच बोलतो. पटवर्धनांचा माणूस बोलत नाही. त्याच्याकडे पाहिले जाते. लोकलमधून, हॉटेलातल्या शेजारच्या टेबलावरून, दवाखान्यातून. मध्यमवर्गीय ब्राह्मण डॉक्टर कामगाराच्या शरीराकडे पाहतो, तेव्हा मॉडेलच्या चौथऱ्यापासून आपण किती पुढे आलो? आमच्या मते बरेच पुढे, पण शेवटपर्यंत नाही. आकृतीत आदर आहे, मात्र तो आदर तिला किंचित पुतळ्यासारखा करतो. ‘तो’ कामगार आणि ‘कामगार’ यांतले अंतर पुसट होते. हे चित्रकाराला कळले नव्हते असे मुळीच नाही. पुढची चाळीस वर्षे त्यांनी या अडचणीशीच झुंज घेतली, आणि त्यामुळेच त्यांची चित्रे हा आम्हाला एका व्यक्तीच्या शैलीपेक्षा मोठा दस्तऐवज वाटतो.

1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. त्याचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या शरीरात इतिहास साठलेला होता, त्या शरीराचे कामच गेले. चित्रांत हा बदल हळूहळू उतरला. ‘टाऊन’ (1984) या चित्रात पाहणारा उंचावर गेला आहे. खाली वस्ती पसरली आहे आणि माणसे लहान झाली आहेत. पूर्वी चौकट भरणारा देह आता इमारती, पूल, नाले यांच्यात वाट काढतो. आकृती लहान होणे हे इथे दृश्य पसरल्याचा परिणाम म्हणून सोडून देता येणार नाही. कोणी तरी समोरून हलला आहे आणि त्याच्या जागी बांधकाम उभे राहिले आहे. 1992–93 च्या दंगलींनंतरच्या चित्रांत गर्दीतली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आजवर चित्रकार त्यांच्याकडे पाहत होता. आता ती परस्परांना न्याहाळतात आणि पाहणाऱ्यालाही सोडत नाहीत. 2001 च्या ‘लोअर परळ’पर्यंत येताना गिरण्यांचा मुलूख दुसऱ्याच शहराला जागा करून देताना दिसतो.

पटवर्धनांची आणखी एक खटपट मराठी वाचकांना ठाऊक असायला हवी. 2008–09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांत फिरले. ज्यांची चित्रे आपण काढतो त्यांना ती दिसत नाहीत, ही बोच त्यामागे असावी असा आमचा तर्क आहे. 2019 च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अडाजानिया यांनी मांडलेले त्यांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन झाले, तेव्हा हा सारा प्रवास एकत्र पाहता आला.

पण ढसाळांचा माणूस चित्रात स्वतः कधी बोलला? बोलला, फक्त आपण ऐकायला गेलो नाही. नागपूरचे सावी सावरकर (जन्म 1961) यांच्या अम्लरेखनांत आणि चित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस येतो. पेशवाईतल्या पुण्याचा थेट उल्लेख त्यांच्या शीर्षकात आहे. ही आकृती सुबक नाही. ओबडधोबड, काळी, ठसठशीत रेषेची आहे. शरीररचनेच्या जे. जे. पद्धतीच्या नियमांनी तिला गुण कमी पडतील. पण त्या नियमांत मडक्याला आणि झाडूला जागा कुठे होती? ही दोन वस्तू शरीराला जोडल्या की मानवाकृतीची व्याख्याच बदलते. हे शरीर निसर्गाने घडवलेले नसून शास्त्राने आणि सत्तेने घडवलेले आहे, हे एका नजरेत कळते. सावरकरांची देवदासी पाहिल्यावर दिवाळी अंकांवरच्या त्या देखण्या स्त्रियांकडे आम्हाला पुन्हा पूर्वीसारखे पाहता आले नाही.

आणि अखेर चंद्रपूर. राजुऱ्याजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते (जन्म 1986). घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. शिक्षण खैरागड आणि बडोद्याला शिल्पकलेचे. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन 2012 साली मुंबईत झाले. पुढे ब्रिटनमधल्या नवव्या आर्टेस मुंडी पुरस्काराचे ते सहा मानकऱ्यांपैकी एक ठरले आणि 2022 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांची चित्रे लागली. त्यांचे मुख्य साधन कोळशाची कांडी. ती लाकडी कोळशाची असते, खाणीतल्या नव्हे, हे खरे. पण हाताला लागणारी काजळी सारखीच.

पाचपुते यांच्या माणसांना पुष्कळदा डोकेच नसते. डोक्याच्या जागी दिवा असतो, अवजार असते, यंत्राचा भाग असतो, कधी घर. पाय माणसाचे, धड अर्धे जनावराचे, पाठीवर उकरलेली जमीन. पहिल्यांदा पाहताना ही स्वप्नचित्रे वाटतात, युरोपीय अतिवास्तववादाची आठवण होते. खाणकामगाराच्या हेल्मेटवरचा दिवा आठवला की ती आठवण मागे पडते. भूमिगत अंधारात समोरचा माणूस खरोखरच एक उजेडाचा ठिपका असतो, चेहरा नंतर. म्हणजे चित्रकाराने डोके काढून टाकलेले नाही. खाणीतल्या माणसाला माणूस जसा दिसतो तसा त्याने काढला. पटवर्धनांच्या लोकलमधल्या प्रवाशाला चेहरा होता, कारण त्याच्याकडे उजेडातून पाहणारा कोणी होता.

तेव्हा आतून पाहणारी नजर आपोआप श्रेष्ठ ठरते का? आम्ही तसे म्हणणार नाही, जसे आत्मकथन असल्यामुळेच एखादे पुस्तक चांगले ठरत नाही. पाचपुते यांची संकरित आकृती जागतिक द्वैवार्षिकींच्या मांडणीत फार सहज सामावते, ही आमची शंका आहे. सास्तीचा खाणकामगार तिथे पुन्हा ‘श्रमिक’ या जागतिक प्रतीकात विरघळू शकतो, तय्यब मेहतांच्या कोसळणाऱ्या माणसासारखा. पत्ता पुन्हा हरवतो. या धोक्याला त्यांच्याकडे एक उत्तर आहे असे मात्र दिसते : त्यांची जमीन. माणसामागे नेहमी उघडी खाण, मातीचे ढिगारे, खचलेली शेते असतात आणि ती कोणत्याही देशाची नसून ओळखीची असतात. वर्धा खोऱ्यातून गेलेल्याला ती ओळखता येतात.

त्यांची अनेक मोठी रेखाचित्रे थेट दालनाच्या भिंतीवर काढलेली असतात. प्रदर्शन संपले की भिंत पुसून पुन्हा पांढरी केली जाते, आणि तो दिवा-डोक्याचा माणूस छायाचित्रांत तेवढा उरतो.