रामकुंडावरची वंशावळ
नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या यात्रेकरूंनीच पिढ्यान्‌पिढ्या भरत आणल्या आहेत. अस्थिविसर्जन, श्राद्ध किंवा सिंहस्थाचे स्नान यांसाठी रामकुंडावर आलेल्या यजमानाला उपाध्ये प्रथम गाव आणि आडनाव विचारतात. घराणे आपल्या वृत्तीतले, म्हणजे आपल्या वंशपरंपरागत यजमानांपैकी, निघाले की वही काढून पूर्वजांचा लेख वाचून दाखवला जातो, आणि त्याखाली यजमान आपला लेख लिहितो. ही रीत पेशवाईतही चालू होती.

लेखात स्वतःचे नाव, वडील, आजोबा, चुलते, भाऊ, मुलगे, गोत्र, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, येण्याचे कारण आणि तिथी असते. शेवटी सही. लिहिता न येणाऱ्याच्या वतीने दुसरा कोणी लिही. अमुक उपाध्ये आमच्या घराण्याचे, आमच्या वंशातील कोणीही आल्यास त्यांनाच मान द्यावा, असा मजकूरही अनेक जुन्या लेखांत आढळतो. त्यामुळे एकाच कागदावर वंशावळही होते आणि उपाध्यांच्या हक्काचा पुरावाही.

हजारो घराण्यांतून नेमके पान सापडणे हे या विद्येचे मर्म आहे. नुसत्या आडनावावर भागत नाही. जोशी, कुलकर्णी, पाटील गावोगाव असतात; शिवाय स्थलांतरानंतर कोणी गावावरून नवे आडनाव घेतो, कोणी वतनावरून. म्हणून मूळ गाव पक्के धरायचे आणि त्याखाली आडनाव, मग कुळातल्या शाखा लावायच्या. जुना लेख खोडला जात नाही. बदललेले आडनाव वा गाव नव्या लेखात येते आणि दोन्ही एकत्र वाचता येतात. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या विकी या संकेतस्थळ-पद्धतीतही अनेक हात एकच नोंद वाढवतात, पण तिथे कोणीही कोणाचा मजकूर बदलू शकतो. इथे लिहिता येणाऱ्या प्रत्येकाचे लिहिणे त्याच्याच हस्ताक्षरात राहते, आणि या नोंदींचे खरे बळ त्यातच आहे.

वृत्ती वारशाने चाले. भाऊ वेगळे झाले की यजमान घराण्यांची, पर्यायाने वह्यांचीही वाटणी होई.

वारसाहक्काच्या दाव्यांत तीर्थक्षेत्रांच्या अशा वह्या न्यायालयांपुढे आल्या आहेत. वाद उद्भवण्यापूर्वी मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले कथन १८७२ च्या पुरावा कायद्यात ग्राह्य धरले होते, ही बाब इथे कामी येई. तरीही या वह्या साऱ्या समाजाची नोंद नव्हेत. वंश पुरुषांच्या नावाने पुढे सरकतो. मुलीची संतती सासरच्या पानावर जाते, माहेरच्या पानावर तिचा धागा तुटतो. तीर्थ सर्वांना सारखे खुलेही नव्हते. काळाराम मंदिरप्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली रामकुंड आहे त्याच पंचवटीत सत्याग्रह सुरू करावा लागला. इतिहासकाराने ही पाने वाचताना कोण आले नाही, कोणाला येऊ दिले नाही, हेही विचारले पाहिजे.

जुने लेख बहुधा मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली, तिचे वाचक विरळ झाले, आणि हाताळणीने पानांच्या कडा झिजत चालल्या आहेत. उपाध्ये घराण्यांच्या संमतीने या पानांची छायाचित्रे घेणे आणि मोडी मजकूर देवनागरीत आणणे, हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही.